सुट्टीत घरी कोण असते?

मराठवाड्यातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी लागणे आणि साखर कारखान्यांचे बॉयलर पेटणे या दोन घटनांत फारसे अंतर नसते. राज्य सरकारच्या मंत्री समितीने गाळप हंगामाला परवानगी दिली ती २०२२ साली १५ ऑक्टोबरपासून, २०२३ साली १ नोव्हेंबरपासून आणि २०२४ साली १५ नोव्हेंबरपासून. त्या तीन वर्षांतले लक्ष्मीपूजन अनुक्रमे २४ ऑक्टोबर, १२ नोव्हेंबर आणि १ नोव्हेंबरला होते. म्हणजे ज्या दिवसांत मुलांच्या हाती फुलबाजी असावी, त्याच दिवसांत गावातल्या चौकात मुकादमाची गाडी उभी राहते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतल्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांतून ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांकडे निघतात. काही लेकरांना सोबत नेतात, काही आजी-आजोबांच्या हवाली करतात. शाळा भरलेली असती तर पोर निदान हजेरीपटावर गैरहजर दिसले असते. सुट्टीत तेवढीही नोंद होत नाही. शाळा पुन्हा उघडते तेव्हा बाकावरची जागा रिकामी असते आणि पोर दोन-चारशे किलोमीटरवरच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असते.

सुट्टीत मुलांनी काय करावे, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. छंदवर्ग, किल्ले, पोहणे, वाचन, मामाचे गाव, मोबाइलचे तास. सल्ले चांगलेच असतात, पण ते सगळे एक गोष्ट गृहीत धरतात: घरात एक मोठे माणूस आहे, त्याला वेळ आहे आणि त्याचे लक्ष मुलाकडे आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात नेमके हेच गृहीत कोसळते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या आसपास होती आणि त्यांतले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणारे होते. शेतीचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घेत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि मळणी, त्याला लागून कापसाची वेचणी, पुढे वसमत-कळमनुरीच्या बाजूला हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश थेट उन्हाळ्यापर्यंत. शाळा बंद असण्याच्या काळातच घरातली धडधाकट माणसे सर्वांत जास्त वेळ बाहेर असतात. म्हणून सुट्टीतल्या मुलांच्या स्वास्थ्याचा पहिला प्रश्न ती काय करतात हा नसून त्यांच्याजवळ कोण असते हा आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर एकट्या घराला देता येणार नाही, ते गावाला द्यावे लागेल, असे माझे ठाम मत आहे.

हे पटायचे तर शाळा मुलांना शिकवण्याखेरीज काय काय करते ते आधी पाहावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामाचे ठरवले आहेत. उरलेले दीडशेच्या आसपास दिवस, रविवार धरून, मूल शाळेविना असते. शाळेच्या दिवशी त्याला दुपारचे गरम अन्न मिळते: प्राथमिक वर्गांत १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गांत १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने. शाळेच्या दिवशी मूल आजारी दिसले, अंगावर वळ दिसले, गप्प गप्प राहू लागले, तर ते एखाद्या शिक्षकाच्या नजरेला पडण्याची निदान शक्यता असते. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याची मोजदाद ठेवते. सुट्टी लागली की हे तिन्ही आधार एकाच दिवशी निघून जातात. ज्या घरात आई दुपारी स्वयंपाकघरात असते तिथे खिचडी नसल्याचे काही वाटत नाही. जिथे ती सकाळी भाकरी थापून सहालाच शेतावर जाते, तिथे दुपारी दोन वाजता मूल काय खाते, हा खरा प्रश्न असतो.

हे न्यायालयाला उमगले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळी भागांतल्या मुलांना उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्यावे असे सांगितले. पुढे २०१६ च्या भीषण दुष्काळात स्वराज अभियानाच्या याचिकेवर न्यायालयाने तेच पुन्हा बजावले, आणि त्या प्रकरणातल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पण तत्त्व मान्य झाले ते दुष्काळापुरतेच. ज्या वर्षी पाऊस बरा पडतो त्या वर्षी मुलाला सुट्टीत भूक लागत नाही, असे मानण्याला आधार काय? उलट पाऊस बरा झाला की शेतात काम वाढते आणि घर अधिक रिकामे होते.

आपला कायदासुद्धा सुट्टीकडे कसा पाहतो ते बघण्यासारखे आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी आली, पण काही अपवाद राहिले, त्यांतला एक असा: शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलाने कुटुंबाला मदत केली तर ती चालेल, फक्त काम धोकादायक नसावे. म्हणजे सुट्टी हा कामाचा काळ आहे हे खुद्द कायद्याने लिहून ठेवले आहे. या अपवादामागचा विचार मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. बापाबरोबर बांधावर जाणे, आईबरोबर शेंगा तोडणे, जनावरांना पाणी दाखवणे, यातून पोराला घराच्या जगण्यात आपलाही वाटा आहे असे वाटते, आणि ते वाटणे मोलाचे आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शेत ओळखूच नये, हा शहरी हट्ट आहे. पण कापूस किलोवर वेचला जातो. जिथे मजुरी किलोवर ठरते तिथे दहा वर्षांच्या पोरीची बोटे मदतीची राहत नाहीत, ती हिशेबात धरली जातात. ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. वाढे बांधणारे तिसरे हात कुठल्याच कागदावर येत नाहीत. मळणीयंत्रावरचे काम कायद्याच्या परिशिष्टात धोकादायक मानलेले आहे, तरी सोयाबीनच्या गंजीजवळ पेंढ्या ओढून देणारे मूल दिसणे नवलाचे नाही. मदत आणि मजुरी यांतला फरक कळायला एक साधी कसोटी पुरेशी आहे: मूल दमल्यावर उठून सावलीत जाऊ शकते का, आणि गेले तर घरच्या उत्पन्नातून काही कमी होते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला मदत म्हणू नये.

सुट्टीतला सर्वांत मोठा धोका मात्र कामाचा नाही, पाण्याचा आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. सर्वाधिक प्रमाण एक ते चार वर्षांच्या बालकांचे आणि त्याखालोखाल पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचे आहे. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी, बेचाळीस अंशांपुढचा पारा आणि आटत चाललेल्या विहिरी एकाच वेळी येतात. त्यात गेल्या काही वर्षांत भर पडली ती शेततळ्यांची. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव तळी झाली. शेतीला त्यांचा आधार झाला, याबद्दल दुमत नाही. पण शेततळ्याची रचना पाहा. चारी बाजू उतरत्या, त्यांवर गुळगुळीत प्लास्टिकचे अस्तर आणि वर शेवाळ. विहिरीला कपार असते, पायऱ्या असतात, एखादे मूळ तरी हाती लागते. अस्तर केलेल्या तळ्यात पडलेल्या मुलाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. जितके चढावे तितके ते खाली घसरते, आणि त्याला काढायला गेलेले दुसरे मूलही घसरते. काठावरच्या खांबाला बांधून पाण्यात सोडलेला गाठी मारलेला जाड दोर आणि भोवती कुंपण, एवढ्याने हे टळू शकते. दोराचा खर्च फारसा नाही.

इथे बांगलादेशाचा एक अनुभव आपल्या फार उपयोगाचा आहे. तिथल्या खेड्यांत पाच वर्षांखालची मुले घराशेजारच्या डोहांत बुडत. ती कधी बुडतात ते तपासले तेव्हा दिसले की सकाळच्या वेळात, म्हणजे आया कामात गढलेल्या असतात त्या तासांत. मग गावातल्याच एका बाईच्या घरी, सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत, मुलांना एकत्र सांभाळणारी 'आँचल' नावाची केंद्रे सुरू झाली. जिथे मुले या केंद्रांत जात होती तिथे बुडून मरणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासात आढळले. ना महागडे यंत्र, ना इमारत. दिवसाचे चार तास, ओळखीच्या बाईचे लक्ष. मुलांच्या बाबतीत नुसत्या सोबतीने किती फरक पडतो, याचा याहून लख्ख पुरावा मला माहीत नाही.

मुलींच्या बाबतीत सुट्टीचा अर्थ आणखी वेगळा होतो. शाळा सुरू असताना पाणी, भांडी, धाकटी भावंडे हे सगळे तिला सकाळ-संध्याकाळ करावे लागते; सुट्टीत ते दिवसभराचे होते. आणि वयात आलेल्या मुलीसाठी उन्हाळी सुट्टी म्हणजे लग्नसराई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते. हिंगोलीत ते एक तृतीयांशाहून जास्त निघाले. यामागे केवळ रूढी आहे असे म्हणून चालणार नाही. आई-बाप सहा महिने फडावर आणि चौदा वर्षांची पोर थकल्या आजीजवळ, ही भीती घरोघर खरी असते. पोर सुरक्षित राहील अशी जागा गावात नसेल तर बाप लग्नाला सुरक्षा समजतो. ज्याला बालविवाह थांबवायचे आहेत त्याने अक्षय तृतीयेच्या मांडवात पोलीस पाठवण्याआधी त्या मुलीच्या सुट्टीचा आणि स्थलांतराच्या महिन्यांचा विचार करायला हवा.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: मागच्या पिढ्या अशाच वाढल्या, त्यांचे काय वाईट झाले? एक तर, त्यांतली किती मुले वाढलीच नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. दुसरे, ती घरे आजच्यासारखी नव्हती. चार चुलत भावंडे, एखादी विधवा आत्या, ओट्यावर बसलेले आजोबा, असे कोणी ना कोणी असायचे. राज्याचा जननदर २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात १.७ वर आलेला दिसला. ही चांगली गोष्ट आहे, पण त्याचा एक परिणाम असा की मुलाला सांभाळणारी मोठी भावंडेही कमी झाली. मामाचे गावही बदलले. मामा स्वतःच पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला कंपनीत लागलेला असतो. जुनी सोबत गेली आणि नवी आली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना मोकळे सोडा, कंटाळू द्या, मोठ्यांनी सतत मागे लागू नका, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या एकतिसाव्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. सुट्टीला दुसरी शाळा करणे म्हणजे त्या हक्कावर घाला. सुट्टीत मुले शिकलेले विसरतात, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दाखवले गेले, पण नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर प्रश्नचिन्हही लावले. करोनाकाळातली दीर्घ बंदी मात्र वेगळी होती. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ मध्ये पाच राज्यांत केलेल्या पाहणीत ९२ टक्के मुले भाषेतले किमान एक कौशल्य गमावून बसलेली आढळली. त्या दाखल्यावरून दोन आठवड्यांच्या दिवाळीत गृहपाठाचे गाठोडे द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. मोकळीक आणि बेवारशीपण यांत फरक आहे. मोकळे मूल दूरवर खेळते, कारण हाक मारली तर ओ देणारे कोणी आहे हे त्याला ठाऊक असते. हे ठाऊक नसलेले मूल दारातच बसून राहते किंवा नको तिथे जाते.

मोबाइलबद्दलची तक्रारही याच अंगाने पाहावी. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. हे चिंताजनक आहेच. पण फोन हिसकावून घेतल्यावर त्या जागी काय देणार, याचे उत्तर न देता केलेला उपदेश वाया जातो. शाळेच्या कपाटात गोष्टींची पुस्तके असतात. 'किशोर'सारखे मासिक बालभारती १९७१ पासून काढते आहे. पण सुट्टी लागते त्या दिवशी कपाटाला कुलूप, ग्रंथालयाच्या खोलीला कुलूप आणि बऱ्याच ठिकाणी मैदानाच्या फाटकालाही कुलूप. गावातली मुलांसाठीची एकमेव जागा मुलांना सर्वांत जास्त वेळ असतो तेव्हाच बंद असते. पुस्तके हरवतील ही भीती मी समजू शकतो. न हरवता वाळवी लागलेल्या पुस्तकांपेक्षा वाचून फाटलेली पुस्तके बरी.

घराने काय करावे, हा प्रश्न यामुळे संपत नाही. विशेषतः जी घरे मुलांना मागे ठेवून जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मूल झोपेत असताना पहाटे निघून जाणे मोठ्यांना सोपे वाटते, रडारड टळते. इंग्लंडमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६०-७० च्या दशकांत आईपासून काही दिवस दुरावलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले, चित्रपट केले. ज्या मुलांना सांभाळणाऱ्यांची आधी ओळख करून दिली, ज्यांच्याजवळ आईचा फोटो होता, ज्यांच्याशी आईबद्दल बोलले गेले, ती सावरली. ज्याला अनोळखी, सतत बदलणाऱ्या माणसांत सोडले तो मुलगा खचला. काही दिवसांच्या दुराव्याची ही कथा. इथे तो पाच-सहा महिन्यांचा असतो. तेव्हा निघताना मुलाला जागे करून सांगावे, कुठे जातो, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येतो. रडू द्यावे. आठवड्यातले ठरलेले वार आणि ठरलेली वेळ फोनसाठी राखावी, आणि आजीला नंबर लावता येत नसेल तर शेजारच्या कोणावर तेवढी जबाबदारी टाकावी. वेळ चुकवू नये, कारण मूल त्या वेळेची वाट बघत असते.

आजी-आजोबांवर किती भार टाकायचा, यालाही मर्यादा आहे. मराठवाड्यात स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुले गावातच नातेवाइकांकडे राहतात आणि शाळा व्यवस्थापन समिती त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करते. कल्पना उत्तम आहे. पण कुटुंबे दिवाळीच्या तोंडावर निघतात आणि वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर केव्हातरी येते, ही तक्रार जुनी आहे. मधल्या काळात ज्यांना मुले ठेवायची होती तेही नाइलाजाने ती घेऊन जातात. मंजुरी सुट्टीच्या आधी आणि जेवण सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून, एवढी एक दुरुस्ती झाली तरी शेकडो मुले गावात राहतील.

'हे सगळे करायचे कोणी? शिक्षकांनी?' असा प्रश्न येईल. शिक्षकांची सुट्टी हिसकावू नये. वर्षभर खिचडीच्या नोंदीपासून निवडणुकीपर्यंत सगळे त्यांच्या माथी असते. गावात इतर माणसे आहेत. राज्याने २०२२ पासून 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी माता गट केले. वाडीवस्तीवरच्या आया एकत्र बसून मुलांशी खेळू-बोलू शकतात, हे त्यातून दिसले. तेच गट सुट्टीत सकाळचे तीन-चार तास मुले सांभाळू शकतात, आणि त्यांना त्याचे मानधन मिळायला हवे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो शिलाईयंत्रांवर आणि सतरंज्यांवर जाण्याऐवजी इथे जाऊ शकतो. आणि हे महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. मूल जिथे आहे तिथे मोठ्या माणसाने जायचे, हा विचार आपल्याच मातीत रुजलेला आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा सुट्टी लागलेली असेल किंवा लागायला आली असेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. वाचकांपैकी जे अशा समितीवर असतील, किंवा सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांच्याशी ज्यांचे बोलणे असेल, त्यांना माझी विनंती आहे की एक बैठक याच आठवड्यात घ्या. कोणते मूल गावात राहणार, कोणते जाणार आणि राहणाऱ्याच्या घरी मोठे माणूस कोण, याची नावानिशी यादी करा. कपाटाची किल्ली गावातल्या एका जबाबदार माणसाकडे द्या, मैदानाचे फाटक उघडे ठेवा, आणि शिवारातल्या प्रत्येक शेततळ्याला दोर बांधला आहे की नाही ते स्वतः जाऊन पाहा.